घणसोलीची गर्दी आणि तुझा मेंदू

पत्र थोडक्यात: मी कोपरखैरण्याला राहते. बारावी सायन्सला ७१ टक्के, गणित आणि बायो दोन्ही होतं. लहानपणी बाबांचं पिणं, घरातली मारझोड सगळं पाहिलं. अकरावीत डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत, आता बरीच बरी आहे. लहानपणी असं सोसलेल्यांच्या मेंदूची जोडणीच वेगळी होते, असं वाचलं. म्हणजे माझं वायरिंग बिघडलंय का? अवघड अभ्यास झेपेल का? याच विषयात संशोधन करायचं तर काय शिकू? आई म्हणते बी.ए. सायकॉलॉजी, मामा म्हणतो बी.कॉम. कॉलेजच्या फॉर्मवर आजार लिहू का?

तुझी सगळी भीती 'वायरिंग' या एका शब्दात आहे, म्हणून आधी त्याचं बघू.

ट्रान्सहार्बर लोकलच्या स्टेशनांवर कुणीतरी बसून फक्त गर्दी मोजतोय असं समज. रबाळे आणि घणसोलीची गर्दी एकदम वाढते, एकदम ओसरते. यावरून तो म्हणेल, या दोघांचा काहीतरी संबंध आहे. रूळ मात्र त्याने पाहिलेलेच नाहीत. एफएमआरआय या मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनवरून सांगितलेली जोडणी बहुतेक वेळा अशीच असते. मेंदूच्या दोन भागांतल्या रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण एका लयीत वरखाली होतं का, एवढंच तिथे बघतात. भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की माणूस नुसता पडून असला तरी मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे शरीराची हालचाल सांभाळणारे भाग असे एका लयीत चालतात. तेव्हापासून हे काम वाढत गेलं. म्हणून 'जोडणी वेगळी' याचा अर्थ 'तार तुटली' असा नाही. प्रत्यक्ष तारांसाठी वेगळ्या पद्धतीचा स्कॅन असतो. त्यातही फरक सापडले आहेत, पण तेही सरासरीतलेच.

तू वाचलंस ते खोटं नव्हे. अमेरिकेत सॅन दिएगोला नऊ हजारांहून जास्त प्रौढांना बालपणाबद्दल विचारून केलेला अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. बालपणी जितके जास्त प्रकारचे आघात, तितका पुढे डिप्रेशनचा आणि व्यसनांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. २०१९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांना डिप्रेशन असलेल्या प्रौढांच्या मेंदूतल्या जोडणीत बालपणीच्या आघाताच्या खुणा कित्येक वर्षांनंतरही दिसल्या. आता गंमत बघ. स्वतःबद्दल विचार करताना चालू असणारं एक जाळं आहे, ते डिप्रेशनमध्ये जास्त घट्ट जुळलेलं असतं, अशी समजूत होती. त्याच २०१९ मध्ये चीनमधल्या २५ गटांनी १३०० रुग्णांचे स्कॅन एकत्र केले, तर डिप्रेशन पुन्हा पुन्हा आलेल्यांत ती जोडणी उलट कमी निघाली. तज्ज्ञांचंच अजून एकमत नाही, तर तू कशाला निकाल लावून बसतेस?

शिवाय हे सगळे आकडे गटांचे. ठाणे जिल्ह्यातल्या मुलींच्या सरासरी उंचीवरून तुझ्या ड्रेसचं माप काढता येत नाही. कुठलाही चांगला मानसोपचारतज्ज्ञ असा स्कॅन काढून डिप्रेशनचं निदान करत नाही. 'मेंदूचं मॅपिंग करून सांगतो' म्हणत कुणी पैसे मागितले, तर सरळ तिथून निघून ये.

अभ्यास झेपेल का? आजारपणातच ७१ टक्के मिळवलेस, ते विसरू नकोस. लक्ष न लागणं, झोप बिघडणं हा डिप्रेशनचाच भाग आहे आणि उपचारांनी तो बराच सुधारतो. गोळीने सकाळी सुस्ती येत असेल तर डॉक्टरांना सांग, वेळ बदलता येते का ते बघतील. मनाने बंद मात्र करू नकोस. पहिल्या वर्षी मन पुन्हा खचायला लागलं तर १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर रात्रीबेरात्रीही बोलता येतं.

आता करिअर. स्वतःच्या जखमेतून विषय निवडणाऱ्या मुलांना पूर्वी मी सरसकट शाबासकी द्यायचो. त्यातल्या एकाने दोन वर्षांत संशोधन सोडलं. त्याला माणसांशी बोलायचं होतं आणि वाट्याला आल्या आकड्यांच्या शीटा. हे काम तसंच आहे. स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरभराहून कमी हललं, तरी नसलेली जोडणी दिसते किंवा असलेली पुसली जाते. २००९ मध्ये एका अमेरिकन गटाने मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, तर त्याच्याही मेंदूत 'काम चालू' असल्याचं दिसलं, कारण संख्याशास्त्रातली एक दुरुस्ती मुद्दाम गाळली होती. ही गोष्ट ऐकून हसू येऊन 'पण असं का झालं?' असा प्रश्न पडत असेल, तर हे क्षेत्र तुझं. नुसतं वाईट वाटत असेल, तर तुला बहुधा उपचार करणारी व्हायचंय. मग आईचं बरोबर आहे: सायकॉलॉजीची पदवी, पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं क्लिनिकल प्रशिक्षण. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर नीट, एमबीबीएस आणि मग एमडी.

संशोधनासाठी मी तुला बी.एस्सी. सांगेन, शक्यतो संख्याशास्त्र किंवा लाइफ सायन्स, आणि गणित अजिबात सोडू नकोस. पुढे बंगळुरूचं निमहान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) आणि आयआयएस्सी (भारतीय विज्ञान संस्था), मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहेच. पण इतकं लांबही बघायला नको. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा बालपणीच्या ताणाचा मेंदूवर काय परिणाम होतो, हेच उंदरांमध्ये तपासते. २०२२ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मिळालं. मामाला हेही सांग, की पीएच.डी.ला फेलोशिप मिळते. तो पगाराचं विचारणारच.

फी भरण्याआधी एक कर. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शीक आणि मेंदूचे स्कॅन तपासायचं 'नायलर्न' (Nilearn) हे मोफत साधन लॅपटॉपवर घे. त्यातून १५५ मुलं आणि प्रौढांचे स्कॅन फुकट उतरवता येतात. साध्या लॅपटॉपवर चालावेत म्हणून ते आधीच लहान करून ठेवले आहेत. एका मुलाच्या जोडणीचा तक्ता काढ, मग दुसऱ्याचा. दोन्ही शेजारी ठेवून बघ, किती वेगळे दिसतात ते. पंधरा दिवस दे. त्यानंतरही उघडावंसं वाटलं तर मला कळव, पुढची पुस्तकं सांगेन.

फॉर्मवर आजाराचा रकानाच नसेल तर आपणहून काही लिहू नकोस. परीक्षेच्या वेळी सवलत लागली, तर डॉक्टरांचं पत्र तेव्हा दे.