व्हीपीएन न देता ऑफिसचं ईआरपी घरून कसं वापरायला द्यायचं?

तुम्ही विचारलंय की जालन्याच्या ऑफिसात सर्व्हरवर ईआरपी (हिशोब, स्टॉक, ऑर्डर सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, पंधराएक जणांना घरून लागतं, तर झिरो ट्रस्ट (आत आलेल्यावरही आंधळा विश्वास न ठेवायची पद्धत) कुठून सुरू करू. भाऊ, मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्याचं आयटी बघतो. राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे लांबून विंडोजची स्क्रीन चालवायचा रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडा असेल तर आधी तो बंद करा, बाकीचं मग वाचा. आमच्याकडं उघडा होता, सर्व्हर लई स्लो चालायला म्हणून विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर बघितला तर ४६२५ च्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांगच, दर दोन-चार सेकंदाला कुणीतरी अॅडमिन, टेस्ट, बॅकअप असली नावं लावून पासवर्ड मारून बघायला, अंगावर काटाच आला.

व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा, त्या मानानं बरा, पण साधा लावला की आत आलेल्याला सगळं नेटवर्क दिसतं, म्हणजे घरच्या लॅपटॉपवरचा व्हायरस सरळ शॉपफ्लोरच्या पीसीपर्यंत. झिरो ट्रस्टमध्ये ज्याला जे अॅप लागतं तेवढंच मिळतं.

आम्ही त्यासाठी क्लाउडफ्लेअर कंपनीचं टनेल लावलं, ५० युजरपर्यंत फुकट आहे, फक्त आपलं डोमेन त्यांच्याकडं जोडावं लागतं. सर्व्हरवर क्लाउडफ्लेअर-डी नावाचा छोटा प्रोग्राम टाकायचा, तो आतून बाहेर कनेक्शन करतो, म्हणून राउटरवर काहीच उघडावं लागत नाही आणि स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) पण नको, आपल्याकडं बऱ्याच कनेक्शनला पब्लिक आयपी मिळतच नाही त्यामुळं हे फार कामाचं. एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवा, आधी क्लाउडफ्लेअरमध्ये अॅक्सेसची पॉलिसी (कुणाला आत सोडायचं तो नियम) बनवा आणि मगच अॅपचा पत्ता चालू करा, उलटं केलं तर मधल्या वेळात तुमचं ईआरपी साऱ्या जगाला उघडं. लॉगिनला ईमेलवरचा ओटीपी चालतो, १० मिनिटं टिकतो, पण कंपनीचं गूगल अकाउंट असेल तर तेच टू-स्टेपसकट लावा. ब्राउझरमधलं ईआरपी असं लगेच चालतं, टॅलीसारख्या ब्राउझरबाहेरच्या सॉफ्टवेअरला लॅपटॉपवर क्लाउडफ्लेअरचं वॉर्प हे अॅप टाकावं लागेल.

खरा वेळ जातो तो कुणाला काय लागतं ही यादी करण्यात. एचआरला घेऊन बसा, आमच्या यादीत नोकरी सोडून दोन वर्षं झालेल्या सुपरवायझरचं लॉगिन चालूच निघालं, आणि पासवर्ड पहिल्या दिवशी दिला तोच.

आणि क्लाउडफ्लेअर-डी दुसऱ्या एका मशीनवरपण टाका, एकावरचा प्रोग्राम अपडेटला बसला तरी लोकांचं काम थांबत नाही. फक्त दोन्ही मशीन एकाच यूपीएसवर ठेवू नका, उन्हाळ्यात लाईटचं तुम्हाला माहितीच आहे.