सीबीनॅटच्या खोलीत नव्याने रुजू होताना

अनेक आशीर्वाद.

सीबीनॅटच्या, म्हणजे बेडक्यातला क्षयाचा जंतू शोधणाऱ्या मशीनच्या खोलीत तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. पहिले काही दिवस तुझी नजर मशीनवरून हटणार नाही. पण निम्मा घोळ मशीनपाशी पोचायच्या आधीच, नमुन्याच्या डबीत झालेला असतो.

‘थुंकी द्या’ म्हटलं की रुग्ण थुंकीच देतो, त्यात त्याची चूक नाही. ‘बेडका’ म्हण. साध्या पाण्याने चूळ भरायला लाव, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन रोखायला सांग, मग छातीतून खोकून काढू दे. हे उघड्यावर, माणसांपासून लांब. जिन्याखाली किंवा संडासात नको. डबी उजेडात तिरकी धर. पातळ आणि वर फेस असेल तर ती लाळ. पिवळसर, चिकट, भिंतीवरून सावकाश घसरणारा असेल तर तो बेडका. दोन ते पाच मिली पुरे. नाव डबीच्या अंगावर लिही. झाकणांची अदलाबदल होते.

मग एक भाग बेडका, दोन भाग सॅम्पल रिएजंट (बेडका पातळ करून जंतू मारणारं द्रव). झाकण घट्ट लावून दहा-वीसदा जोरात हलव, दहा मिनिटं ठेव, पुन्हा हलव, आणखी पाच मिनिटं थांब. गर्दीच्या दिवशी कात्री लागते ती याच पंधरा मिनिटांना. गाठी राहिल्या की कार्ट्रिजमधला (मशीनमध्ये लावायच्या, एकदाच वापरायच्या पेटीतला) दाब वाढतो आणि स्क्रीनवर 2008 हा एरर झळकतो. मिश्रण पिपेटच्या रेषेपर्यंत, 2 मिली, बुडबुडा न येऊ देता सोड. कमी पडलं तर 5007 सारखे प्रोब तपासणीचे (कार्ट्रिजमधली रसायनं नीट आहेत का, हे मशीन स्वतः बघतं त्याचे) एरर येतात. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे कार्ट्रिजमधला कंट्रोलच (चाचणी नीट झाली का ते दाखवणारा भाग) चालला नाही. एरर, इनव्हॅलिड, नो रिझल्ट यांपैकी काहीही ‘निगेटिव्ह’ म्हणून लिहायचं नाही. नवी कार्ट्रिज लावायची. एरर नोंदवताना मॉड्यूलचा (मशीनच्या ज्या कप्प्यात कार्ट्रिज बसते त्याचा) क्रमांकही लिही. तीन एरर एकट्या ए-3 वर आले तर दोष तुझ्या हातात नाही, मॉड्यूलमध्ये आहे.

कार्ट्रिज 2 ते 28 अंशांत ठेवायच्या असतात आणि पुण्याचा एप्रिल 40 ला टेकतो. संध्याकाळी एसी बंद करून कुलूप लावलं की साठ्याच्या खोलीत काय होतं, ते थर्मामीटर टांगून सकाळी बघ. दुसरी डोकेदुखी आपला गुरुवार. महावितरणची दुरुस्ती निघाली आणि चाचणीच्या मध्येच वीज गेली की ती कार्ट्रिज वाया. त्या दिवशीचं वेळापत्रक आदल्या संध्याकाळीच बघून ठेव. मुळशी-वेल्ह्याकडच्या केंद्रांना म्हणूनच बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट हे छोटं मशीन सोयीचं. पण तिथे रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला जंतू दाद देतो का ते बघायला दुसरी चिप लावावी लागते, आणि पहिली पॉझिटिव्ह आली की दुसरी राहून जाते. त्यांना फोन करून विचारत जा.

निकाल वाचतानाही सावध राहा. जंतू ‘व्हेरी लो’ आणि रिफॅम्पिसिनला प्रतिरोध, पण रुग्णाने आधी उपचार घेतलेले नाहीत, घरात प्रतिरोधी क्षयाचा कोणी नाही, असं असेल तर डॉक्टरांशी बोलून ताज्या बेडक्यावर चाचणी पुन्हा कर. औषध लागू पडतंय का हे बघायला मात्र ही चाचणी वापरू नकोस. मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती पकडते, बरा होत असलेला माणूस पॉझिटिव्ह दिसतो आणि उगाच घाबरतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) आहेतच.

मशीन दोन तासांच्या आत उत्तर देतं, हे सगळ्यांना पाठ असतं. रुग्णाला ते कधी कळलं हे फारसं कोणी विचारत नाही. निक्षय या सरकारी क्षय-नोंदणी पोर्टलवर नोंद केली म्हणजे निरोप पोचला, असं धरून चालू नकोस. चाकणला खोली बदलणारे, हिंजवडीच्या साइटवरून दुसरीकडे गेलेले हमखास हाती लागत नाहीत. डबी घेतानाच गावाकडचा दुसरा नंबर घे. मुकादमाचा दिला तर चालेल, पण त्याला फक्त ‘दवाखान्यात या’ एवढंच सांगायचं. आजाराचं नाव काढायचं नाही, नाहीतर काम जातं. रजिस्टरमध्ये निकालाशेजारी आणखी एक रकाना आख: पहिली गोळी कोणत्या तारखेला. तो रकाना दर शनिवारी तूच भर, दुसऱ्यावर सोपवू नकोस.

येत्या गुरुवारी यूपीएस किती मिनिटं तग धरतो ते मोजून कळव. कार्ट्रिज न लावता.