गावच्या शाळेला प्रोजेक्टर द्यावा का?

प्रश्न : आमच्या ग्रामस्थ मंडळाने गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी पैसे जमवलेत. प्रोजेक्टर देऊ म्हणतो. — एक चाकरमानी, लालबाग

उत्तर : दादा, आधी शाळा व्यवस्थापन समितीला विचारा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात किमान ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तीच करते.

मी कोकणात शिकवत होते तेव्हा मुंबईकरांनी असाच संगणक पाठवला. वीजबिल थकलेलं, कनेक्शन तोडलेलं. वर्षभर त्यावर खडूचे खोके! पोरं मात्र गळक्या कौलांखाली दप्तर मांडीवर घेऊन बसायची.

गणपतीला गावी जालच. मुलींच्या शौचालयाची कडी लागते का, तेवढं बघून या. आणि पैसे दिलेत तर पावती घ्या, मुख्याध्यापक भावकीतले असले तरी.