नाशिकहून गुजरातमधल्या कच्छचा काळो डुंगर बघायला जायचंय. वरून कच्छचं रण नीट दिसावं आणि तिथली मूळची झाडंही ओळखता यावीत, तर कधी आणि कसं जावं?

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत जा. पावसाळ्यात रणात शिरलेलं पाणी आटून मिठाचा पांढरा थर धरेपर्यंत डिसेंबर उजाडतो.

नाशिक ते भूज रस्त्याने सुमारे 800 किमी. त्यापेक्षा वांद्रे टर्मिनसहून कच्छ एक्स्प्रेसने रात्रभरात भूज गाठा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. काळो डुंगर भुजहून भिरंडियारा-खावडामार्गे 90 किमीच्या आसपास आहे. पेट्रोल भुजलाच भरा. धोर्डोच्या पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, म्हणून मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. सीमेजवळचा भाग आहे, ड्रोन नेऊ नका.

डोंगर सुमारे 460 मीटर उंच, कच्छमधला सर्वांत उंच. माथ्यावर दत्तात्रेयांचं देऊळ आहे आणि तिथल्या प्रसादावर कोल्ह्यांचा मान पहिला. रण उत्तरेला पसरलेलं आहे. भर दुपारी तिकडे नुसती चकाकी दिसते, म्हणून चारपर्यंत वर पोहोचा. तिरप्या उन्हात मिठाच्या कडा आणि पाण्याच्या जुन्या वाटा उठून दिसतात.

बहुतेक जण थेट माथा गाठतात आणि झाडं राहून जातात. भुजहून सकाळीच निघा आणि वाटेत थांबत जा. एक गोष्ट लक्षात ठेवली की सगळं उलगडतं: जमिनीत मीठ किती, यावर तिथे काय उगवणार हे ठरतं.

भूज-खावडा वाटेवरच्या बन्नी या गवताळ सपाटीवर सर्वांत जास्त दिसेल ती वेडी बाभूळ, तिकडचा गांडो बावळ. ही इथली नव्हे, अमेरिका खंडातली. खारटपणा पसरू नये म्हणून 1960च्या दशकात लावली आणि तिने गवताळ कुरणंच गिळली. देशी बाभळीला पिवळी गोल फुलं आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा येतात. वेडीला लांबट तुरे आणि सरळ शेंगा. शमीलाही तुरेच येतात, पण तिचे काटे छोटे आणि फांदीभर विखुरलेले, तर वेडीचे पेरापाशी जोडीने आणि दणकट. चपलेतून आरपार जातात, जाड तळव्याचे बूट घाला.

खाऱ्या जमिनीत तग धरणारा पिलू जाडसर पानांवरून ओळखू येतो. हिवाळ्यात त्याच्या बुंध्याजवळ जमिनीतून थेट पिवळ्या फुलांचा जाड दांडा वर आलेला दिसला तर आवर्जून थांबा. त्याला हिरवं पान नसतं, कारण तो पिलूच्या मुळांवर जगतो. रणाच्या अगदी काठावर गुबगुबीत पानांचं लाणो नावाचं झुडूप उरतं आणि त्यापुढे मिठावर काहीच नाही.

डोंगर चढताना मीठ मागे पडतं आणि खडक लागतो. इथे थोर आणि गुग्गुळ शोधा. थोर म्हणजे आपल्याकडे बांधावर दिसणारा फड्या निवडुंग नव्हे. तो परदेशी, हा इथला. फांदी मोडू नका, चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. गुग्गुळ हिवाळ्यात बहुधा निष्पर्ण असतो, त्यामुळे वाळकं झुडूप समजून लोक पुढे जातात. कागदासारखी सुटणारी साल, तिच्याखाली हिरवट खोड आणि काट्यासारखी फांद्यांची टोकं पाहा. डिंकासाठी खोल चिरा पाडल्या की झुडूप मरतं, आणि अशा ओरबाडण्यामुळेच ही जात आज अतिसंकटग्रस्त यादीत आहे. वाटेत कुणी ताजा डिंक विकायला आणला तर घेऊ नका.

गुग्गुळ पानांसकट बघायचाच असेल तर पावसाळा सरताना वेगळी फेरी करावी लागेल. तेव्हा पांढरं रण मात्र मिळणार नाही, पाणीच दिसेल.