बुरशीत करिअर? हो, पण आधी हात बसू दे

दादा, तुमचं पत्र वाचलं. मुलगी टीवाय बीएस्सी मायक्रोला आहे, तिला उष्णतेत वाढणाऱ्या बुरशीतला एक जीन गप्प करून जास्त एन्झाइम (म्हणजे पदार्थ तोडणारं प्रथिन) काढायचंय आणि तुम्ही विचारताय बुरशीवर पोट भरतं का. मला तर पोरीचं फार कौतुक वाटलं.

थंडीत सकाळी शेणखताच्या ढिगात हात घातलाय ना? आत चटका बसतो. तसल्याच जागी या बुरश्या राहतात, मायसेलिओफ्थोरा थर्मोफिला तर 45 ते 50 डिग्रीला मस्त वाढते आणि पाचट, पेंढा कुजवणारं सेल्युलेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडते. पण आयती साखर मिळाली की ती ते बनवायचं कमी करते, आणि हा ब्रेक लावणारा एक जीन आहे क्री-1. जीन सायलेन्सिंगमध्ये जीनला हात लावत नाहीत, त्याचा निरोप नेणारा आरएनए मधेच तोडतात, मग ब्रेक ढिला पडतो आणि एन्झाइम वाढतं. आरएनए तोडायच्या याच पद्धतीच्या, आरएनएआयच्या, शोधाला 2006 चं नोबेल आहे, म्हणजे पोरगी हवेत बोलत नाहीये.

आणि मागणी आहे हो. पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करायच्या प्लांटचं उद्घाटन झालं, टेक्नॉलॉजी पुण्याच्या प्राज कंपनीची, आणि अशा प्लांटला पेंढ्याची साखर करणाऱ्या एन्झाइमचा खर्च फार जड जातो. शिवाय डिटर्जंट, कापड, कागद सगळीकडे एन्झाइम लागतं.

पण नुसत्या बीएस्सीवर हे काम मिळत नाही, बहुतेक क्यूसीची, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायची, नोकरी मिळते. एमएस्सी हवीच, त्यासाठी आयआयटी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला सांगा. पुढे पीएचडीला नेट जेआरएफ ही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये, पण त्यात चारपाच वर्षं जातात, तेवढा धीर घरच्यांनी धरायला लागतो, लग्नाची घाई करू नका प्लीज.

सायलेन्सिंग नंतर, आधी तिला बुरशी वाढवू दे. कॉलेजच्या मॅडमना विचारून शेणखतातली बुरशी 50 डिग्रीच्या इनक्युबेटरला लावायची, प्लेट वाळू नये म्हणून पाण्याचं भांडं आत ठेवायचं, मग बुरशीने सोडलेल्या एन्झाइमच्या द्रावणात फिल्टर पेपरची 1 बाय 6 सेंटीमीटरची पट्टी तासभर ठेवून डीएनएस (साखर ओळखणारं रसायन) टाकून उकळायचं. पिवळं द्रावण विटकरी झालं की समजायचं कागदाची साखर झाली. हा प्रोजेक्ट तिने स्वतःच्या हाताने केला असेल तर एमएस्सीच्या इंटरव्ह्यूला ती कुणालाही उत्तर देऊ शकेल. तुमच्याच उकिरड्यातलं खत डब्यात भरून द्या तिला, या सोमवारीच.