पुण्याहून डोंगरात पळायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय: रोज रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर पळतो, हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत झाली आहे, आता डांबराचा कंटाळा आलाय. पुण्याहून पहाटे निघून दुपारी जेवायला घरी येता येईल अशा सह्याद्रीतल्या वाटा कोणत्या? आणि महागडे शूज घ्यावेच लागतात का?

ती दोन तासांची हाफ मॅरेथॉन आधी घरी ठेवा. मी ती बरोबर घेऊन गेलो होतो. सात-आठ वर्षं झाली. सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर पहिली दहा मिनिटं मी खरोखर पळत चढलो. रविवारची गर्दी बाजूला होत होती, फार बरं वाटत होतं. मग एका वळणावर दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तेवढ्यात डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी, पायात साध्या चपला अशा एक मावशी शेजारून संथ चालीनं वर गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "दादा, बसू नका. बसलं की पाय भरतात. हळू चला, पन चालत ऱ्हावा." चढाबद्दल याहून चांगला सल्ला मला अजून कुणी दिलेला नाही. उताराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी उतरताना मुरमावर घसरून घोटा मुरगळून घेतला. पुढचे पाच आठवडे पळणं बंद.

म्हणून वाटांच्या आधी थोडा हिशोब. डोंगरात नुसते किलोमीटर मोजून काहीच कळत नाही, चढ मोजावा लागतो. ढोबळ नियम असा की १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण ८०० मीटर. पायथ्याच्या आतकरवाडीपासून गडाचा पुणे दरवाजा जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, पण चढ ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे दमाच्या हिशोबानं तुम्ही साडेसात किलोमीटर पळालात, तेही एका बाजूनंच. हा हिशोब फक्त दमाचा. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असताना वजन रोखून धरतात, त्याची सवय रस्त्यावर अजिबात होत नाही. सोमवारी तुम्ही ठीक असता, मंगळवारी जिना उलटा उतरावा लागतो.

दुसरी गोष्ट दगडाची. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. जिनाच आहे तो. घट्ट थराचा कडा होतो, मऊ थर झिजून सपाट पट्टा होतो, मग पुन्हा कडा. त्यामुळे सह्याद्रीत सलग पळण्यासारखा चढ जवळपास नसतोच. उभा टप्पा चालायचा, आडवी वाट आली की पळायचं, धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या कण्यावर आलात की सुटायचं. शर्यतींत पुढे असणारेही उभा चढ मांड्यांवर हात दाबत चालतातच, तेव्हा लाज वाटून घेऊ नका. आणि तो मऊ थर झिजून जो मुरूम होतो, तो दिवाळीनंतर वाळला की पायाखाली ज्वारीच्या दाण्यांसारखा सरकतो. ट्रेकवाले त्याला घसारा म्हणतात. माझा घोटा त्यानंच घेतला.

आता वाटा. सुरुवात वेताळ टेकडीवर करा. हसू नका. पुणे शहरातला हा सर्वांत उंच भाग, सुमारे ८०० मीटर, आणि लॉ कॉलेज रस्ता, चतुःशृंगी, पाषाण, गोखलेनगर अशा कुठल्याही बाजूनं चढता येतं. एकदा वर-खाली केलंत तर व्यायाम झाला. पण एका बाजूनं चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं, पुन्हा तिसरीकडून वर यायचं, असं दीड-दोन तास केलंत तर चढाची बेरीज सिंहगडाच्या जवळ जाते. खाणीच्या कडेची मुरमाड वाट उतारासाठी उत्तम शाळा आहे. तिथे छोटी पावलं टाकायला शिका. नजर तीन-चार पावलं पुढे, कोपरं थोडी बाहेर, आणि अंग मागे टाकायचं नाही. मागे कललात की टाच आधी टेकते आणि टाच टेकली की बूड टेकतं. मोर दिसतात, कुत्रीही दिसतात. कुत्र्यांपाशी पळणं थांबवून चाला. महिनाभर तरी एवढंच करा.

मग सिंहगड. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते, पण उजाडायच्या आत चढायला लागायचं तर स्वतःची गाडी बरी. रविवार टाळा. रविवारी ती वाट नसते, लक्ष्मी रस्ता असतो, आणि उतारावर पळणारा माणूस चढणाऱ्या आजोबांना धडकला तर चूक पळणाऱ्याचीच. मंगळवार-बुधवारी पहाटे मात्र रोज गड चढणारी मंडळी भेटतात, त्यातले काही साठीच्या पुढचे, आणि ते तुम्हाला मागे टाकतील. पहिले काही वेळा फक्त चढा आणि वडापच्या जीपनं खाली या. उतार पळणं नंतर.

कात्रज-सिंहगड, म्हणजे सगळे ज्याला के टू एस म्हणतात ती वाट. पळणाऱ्यासाठी पुण्याजवळची माझी सगळ्यात आवडती. कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाजवळून वर चढायचं आणि धारेवरून एकेक टेकडी पार करत पश्चिमेला जायचं. टेकड्या किती यावर एकमत नाही. तेरा म्हणणारे जास्त, पण पाय दमले की आकडा वाढतो. सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागेपर्यंत साधारण १६ किलोमीटर, चढाची बेरीज हजार मीटरच्या घरात. बहुतेक लोक ही वाट पौर्णिमेच्या रात्री ट्रेक म्हणून करतात, गडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याचा दिवा समोर ठेवून. पळायला मात्र पहाटच. सूर्य पाठीशी असतो, डावी-उजवीकडे दोन्ही खोरी धुक्यात बुडालेली, आणि पायाखाली मधूनमधून खरंच पळण्याजोगी धार.

या वाटेची दोन दुखणी आहेत. एक, पाणी नाही. कुठेच नाही. थंडीतही दोन लिटर घ्या, फेब्रुवारीनंतर तीन. दुसरं दुखणं ढोरवाटांचं. प्रत्येक टेकडीच्या कुशीतून गुरांनी पाडलेली आडवी वाट जाते आणि ती मुख्य वाटेपेक्षा जास्त मळलेली असते. चढ टाळायच्या मोहानं मी एकदा अशीच एक धरली. अर्धा तास मजेत पळालो, मग ती वाट एका करवंदीच्या जाळीत शिरून संपली. गुरं तिथून पुढे कशी जातात हे मला आजही कळलेलं नाही. शंका आली की धारेवर या. घाम जाईल, पण वाट सापडेल. घाटरस्त्यावर उतरल्यावर गडावर जायचं की जीप पकडून खाली गोळेवाडीला, हे तेव्हाच्या पायांना विचारा.

राजगड-तोरणा जेवायला घरी येण्याच्या हिशोबात बसत नाही, तरी सांगतो, कारण वर्षभरात तुम्ही तिकडे जाणारच. गुंजवण्याहून राजगड, संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं बाहेर पडून खालच्या धारेवर, वाटेत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता ओलांडायचा, पुढे धनगरांची घरं, मग बुधला माचीचा चढ, आणि तोरण्यावरून बिनी दरवाज्यानं वेल्ह्यात. विसाच्या आसपास किलोमीटर. तोरण्याची उंची १,४०३ मीटर, आणि बुधल्याखालच्या शेवटच्या उभ्या टप्प्यावर ती अंगावर येते. तिथे पळायचं नाव काढू नका, हात मोकळे ठेवा. एकट्यानं पहिल्यांदा जाऊ नका, हेही आलंच. धनगरवाड्यात ताक मागितलं तर मिळतं, पैसे विचारून द्या. दर डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा या पट्ट्यात एसआरटी अल्ट्रा नावाची शर्यत होते, त्यात ११ आणि २५ किलोमीटरचे छोटे गटही असतात. पहिल्या शर्यतीसाठी ११ वाला घ्या. हाफ मॅरेथॉन झालेली माणसं २५ वाला घेतात आणि मग दिवसभर वेळेची गणितं करत बसतात.

कधी जायचं? दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. सोनकीची पिवळी फुलं उतरायला लागलेली असतात, गवत कमरेखाली आलेलं असतं. पावसाळ्यात वेताळ टेकडीपलीकडे मी पळत नाही, चालत जातो. ओल्या कातळावरच्या शेवाळापुढे जगातला कुठलाच सोल टिकत नाही, धुक्यात दहा पावलांवरची वाट दिसत नाही, आणि प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात, ते आधी पाहून घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उंच गवतात फुरसं असतं. जेमतेम फूट-दीड फूट लांबीचा साप, पण विषारी, आणि तो हलत नाही. उन्हाळ्यात नऊच्या आत खाली.

गडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. घामाचा वास परवडला. घरी वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवून जा. दऱ्यांत मोबाईलला रेंज नसते, मिळाली तर ११२ लावा.

आता शूज. तुमच्या रस्त्याच्या शूजची गुळगुळीत, जाड फोमची तळवी घसाऱ्यावर निकामी. खोल खाचांचा सोल लागतो, बाकी सगळं हौस. आपल्याकडे ट्रेकवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्या 'अॅक्शन ट्रेकिंग' या साध्या बुटांवर श्रद्धा आहे. पकड भरवशाची आणि किंमत डोंगरात पळण्यासाठीच्या खास ट्रेल शूजच्या कितीतरी खाली. पळायला ते कडक वाटतात, पण डोंगर आवडतोय की नाही हे ठरेपर्यंत पुरेत. मग बिनधास्त ट्रेल शूज घ्या, अर्धा नंबर मोठे. उतारावर अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. माझी दोन गेली आहेत.

खायला एनर्जी जेलची पाकिटं कशाला? खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू. सिंहगडावर मडक्यातलं दही मिळतं, ते जरूर खा, पण उतार पळायचा असेल तर एकच मडकं. दोन खाऊन पळण्याचा प्रयोग मी केलाय. दुसरं आतकरवाडीपर्यंत आलं नाही.