कारागृहातली डॉक्टर व्हायचंय, त्यात बिघडलं काय?

प्रश्न : मुलगी एमबीबीएस झाली. इंटर्नशिपमध्ये जिल्हा रुग्णालयाच्या कैदी वॉर्डात ड्युटी लागली, तेव्हापासून हेच खूळ. कारागृहात डॉक्टर व्हायचं आणि पुढे राज्यातल्या सगळ्या कारागृहांची आरोग्यसेवा सांभाळायची, म्हणते. एका क्षयरोग्याचा हात बेडीने पलंगाला अडकवला होता आणि ‘खोकला कधीपासून?’ या तिच्या प्रश्नाला हवालदारच उत्तर देत होता, हेच सारखं सांगत बसते. चोर-दरोडेखोरांना तापाच्या गोळ्या वाटायला शिकवलं का तिला? स्थळं येताहेत, त्यांना काय सांगू? तिला समजवा.
– एक पालक, सातारा

उत्तर : हवालदाराचा प्रसंग तुम्ही तक्रार म्हणून लिहिलात. मला तुमच्या पत्रात तोच सर्वांत मोलाचा वाटला. पेशंटच्या तोंडून उत्तर आलं नाही, हे जिला खटकतं ती चांगली डॉक्टर होणार. तुम्ही मात्र त्या पेशंटचं पुढे काय झालं, हेही तिला विचारलेलं दिसत नाही. पत्रभर स्थळं आणि लोक काय म्हणतील एवढंच आहे. तिला समजवायचं काम मी करणार नाही.

‘गोळ्या वाटणं’ हा मोठा गैरसमज आहे. एनसीआरबी म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातले तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले होते आणि चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून सिद्धच न झालेले. अशा दाटीत क्षय झपाट्याने पसरतो. दारू एकाएकी तुटलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो. ते वेळेत ओळखलं नाही तर माणूस दगावतो. जामीन झाला की क्षयाची औषधं अर्धवट सुटतात आणि तो खोकला गावात पोचतो. हे सगळं आटोक्यात ठेवणं म्हणजे आख्ख्या तालुक्याचं आरोग्य सांभाळण्याइतकं काम.

अडचण वेगळीच आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याने डॉक्टरला अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली ठेवलं. उपचारांचा निर्णय फक्त डॉक्टरचा, असं कैद्यांना कसं वागवावं याबद्दलचे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात. पण डॉक्टरने चिठ्ठी लिहूनही पोलीस गार्ड मिळाला नाही, तर कैदी मोठ्या दवाखान्यात पोचतच नाही. इंग्लंडने २००६ पर्यंत तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग खात्याकडून काढून एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे दिली. आपल्याकडे असं काही घडवायचं तर आतलं काम केलेले डॉक्टर वरच्या खुर्चीत हवेत.

म्हणून तिलाही स्पष्ट सांगतो : नुसत्या एमबीबीएसवर एकटीने आत जाऊ नकोस, अडकून पडशील. नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा दे, पीएसएम (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य) किंवा मानसोपचारात एमडी कर. दोन्हींतलं कोणतं, यावर मला तिच्याशीच बोलायचंय. तेव्हा पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि स्थळांना काय सांगायचं, तेही तीच सांगेल.